सॉसच्या जुन्या बाटलीचं वय कसं काढायचं?

कराडजवळच्या मलकापुरात महामार्गालगतची जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, त्याला बरीच वर्षं झाली. बळदाची भिंत फोडताना, माळा रिकामा करताना, परसातल्या जुन्या उकिरड्यावर पायाचा खड्डा खणताना काचेच्या बाटल्या निघतात. बहुतेक औषधाच्या असतात, काही अत्तराच्या, तेलाच्या किंवा सोड्याच्या. मधूनच एखादी वेगळी दिसते. गळा लांब, खांदे गोल आणि अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरं. ती सॉसची, सिरक्याची, चटणीची किंवा मिरपुडीची, म्हणजे तोंडीलावण्याची बाटली असते. ज्याच्या हाती ती लागते तो तिची किंमत आधी विचारतो आणि वय नंतर. वय ठरल्याशिवाय किमतीला अर्थ नाही. आणि आपल्या भागात वय ठरवणं हे वाटतं त्याहून बरंच अवघड काम आहे.

अवघड अशासाठी की या विषयावर जे छापलेलं मिळतं ते जवळजवळ सगळं अमेरिका आणि इंग्लंडमधल्या बाटल्यांबद्दल आहे. ज्युलियन टूलूझ यांचा बाटल्यांवरच्या कारखानदारांच्या खुणांचा १९७१ चा ग्रंथ आजही संग्राहकांच्या हाताशी असतो. त्यातल्या आणि तशा इतर पुस्तकांतल्या कोष्टकांत बाटलीचा ओठ कसा केला, सांधा कुठवर गेला, बुडाला कसली खूण आहे यावरून साल काढून देतात. तीच कोष्टकं कराड-मलकापूरकडच्या बाटलीला जशीच्या तशी लावली तर उत्तर कित्येक दशकांनी चुकू शकतं. म्हणून माझं मत असं की सातारा-सांगलीकडे काच पाहण्याआधी अक्षरं वाचावीत, आणि अक्षरांच्याही आधी बाटली नेमकी कुठं सापडली ते टिपून ठेवावं. हा क्रम उलटा झाला की पुढचा सगळा शोध डगमगतो.

आधी कोष्टकांत काय आहे ते पाहू, कारण ती टाकून देण्याजोगी मुळीच नाहीत. फुंकणीवर केलेल्या बाटलीच्या बुडाला लोखंडी दांडा चिकटवून ती धरत आणि मग ओठ घडवत. दांडा तोडल्यावर बुडात खरखरीत व्रण राहतो. इंग्लंड-अमेरिकेत असा व्रण साधारण १८६० च्या दशकापर्यंतच्या बाटल्यांवर दिसतो, पुढे विरळ होत जातो. दोन पाळ्यांच्या साच्यात फुंकलेल्या बाटलीच्या अंगावर उभा सांधा असतो. ओठ वेगळा, हातानं घडवलेला असेल तर तो सांधा गळ्यावर संपतो. सांधा ओठावरून पलीकडे गेला असेल तर बाटली यंत्रावरची. इंग्लंडमध्ये कॅसलफर्डच्या परिसरात अॅश्ले यांनी १८८० च्या दशकात अर्धस्वयंचलित यंत्र आणलं आणि अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास उभं राहिलं. ओवेन्सच्या यंत्रावरच्या बाटलीच्या बुडाला पिसासारख्या कडांचं, मध्यापासून जरा सरकलेलं वर्तुळ असतं. ते एकदा ओळखता आलं की पुन्हा विसरत नाही.

रंगही बोलतो. वाळूत लोह असल्यानं काचेला हिरवी-निळसर छटा येते. ती घालवायला मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर जांभळी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून मँगनीजच्या जागी सेलेनियम येऊ लागलं, त्याची काच फिकट गवती रंगाकडे झुकते. अतिनील दिव्याखाली मँगनीजची काच फिकट हिरवी चमकते आणि शिशाची काच निळसर. मात्र जांभळ्या बाटलीवर लगेच विश्वास ठेवू नये. किरणोत्सर्गाखाली ठेवून हाच रंग थोड्या वेळात आणता येतो आणि विकणारे तो आणतात.

नोंदणीची खूण असेल तर मात्र मोठंच काम होतं. ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या नक्षीवर चौकटच्या आकाराची खूण असे. वरच्या टोकाला वर्तुळात मालाचा वर्ग असे आणि काचेचा वर्ग रोमन तीन. १८८४ पासून 'आरडी' ही अक्षरं आणि पुढे अनुक्रमांक सुरू झाला. १८९० च्या आरंभी हा क्रमांक एक लाख एकेचाळीस हजारांच्या आसपास होता, १९०० च्या आरंभी साडेतीन लाखांच्या आसपास. एवढं लक्षात असलं तरी बाटलीच्या नक्षीचं वय जागेवर बांधता येतं. बाटली स्वतः मात्र त्या नक्षीनंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते.

आता आपल्या भागात अशी बाटली पोचली कशी, हे पाहायला हवं. मराठी घरात तोंडीलावणं काचेत ठेवायची रीत जुनी नाही. लोणचं चिनी मातीच्या बरणीत, मीठ मातीच्या किंवा लाकडाच्या भांड्यात, तिखट डब्यात. मीठ आणि आंबट दोन्ही धातूला खातात, त्यामुळे लोणच्याला बरणी हे उत्तर इकडे आधीच सापडलेलं होतं. काच आली ती साहेबाच्या टेबलावरून. १८२९ पासून महाबळेश्वर हे थंड हवेचं ठाणं झालं, १८४८ नंतर साताऱ्याचं राज्य खालसा होऊन इंग्रज अधिकारी जिल्हाभर फिरू लागले, रस्त्यारस्त्यावर डाकबंगले झाले, आणि पुढे कराडवरून मिरजेकडे रेल्वे गेली. अधिकाऱ्याच्या सामानात सॉस, सिरका, मोहरी, मिरपूड असे. चांदीच्या किंवा मुलाम्याच्या चौकटीत कापीव काचेच्या चार-पाच बुधल्या, असा क्रूएटचा संच श्रीमंतांच्या टेबलावर मांडत. अशा संचाचं साल लोक चौकटीवरच्या चांदीच्या छापावरून काढतात: बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचा बिबट्याचा मुखवटा आणि सोबत सालाचं अक्षर. ते साल चौकटीचं असतं. बुधल्या फुटत, बदलत, दुसऱ्या संचातल्या बसवत. चौकटीच्या खाचेत बुधली सैल किंवा फार घट्ट बसत असेल, बुचाच्या घासलेल्या भागाचा आकार गळ्याशी जुळत नसेल, तर ती नंतर आलेली समजावी.

सॉसच्या बाटल्यांत सर्वांत जास्त ओळखली जाणारी ली अँड पेरिन्सची. वूस्टरच्या या औषधविक्रेत्यांनी आपला सॉस १८३७ च्या सुमारास बाजारात आणला आणि ब्रिटिश साम्राज्य जिथं जिथं गेलं तिथं तो गेला. बाटलीच्या अंगावर उभ्या ओळीत कंपनीचं नाव, खांद्याभोवती 'वूस्टरशायर सॉस', आणि तोंडाला कॉर्कची नळी चढवलेलं काचेचं बूच. बुडावरच्या अक्षरांनी फरक करता येतो: 'एसीबी को' म्हणजे कॅसलफर्डची एअर अँड काल्डर बॉटल कंपनी, 'जेडीएस' म्हणजे न्यूयॉर्कच्या जॉन डंकन्स सन्स यांनी अमेरिकेसाठी करवून घेतलेली बाटली. साताऱ्यात सापडलेल्या बाटलीवर 'जेडीएस' असेल तर ती इंग्रज अधिकाऱ्याच्या सामानातून आली असण्यापेक्षा पुढे कधीतरी दुसऱ्या वाटेनं आली असण्याचा संभव जास्त. नुसतं 'वूस्टरशायर' वाचून मात्र कंपनी ठरवू नये. १८७६ मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही असं ठरवलं आणि त्यानंतर अनेकांनी ते वापरलं.

याच सॉसची एक कथा इथं सांगायला हवी, कारण तिच्यातून संशोधनाची शिस्त कळते. बंगालचा माजी गव्हर्नर लॉर्ड सँडिस यानं हिंदुस्थानातून कृती नेली आणि ती ली आणि पेरिन्स यांच्याकडे दिली, असं कंपनीच्या जाहिरातींपासून पुस्तकांपर्यंत सगळीकडे आलं. बंगालच्या गव्हर्नरांच्या यादीत सँडिस नावाचा माणूसच नाही. शंभर वर्षं छापली गेलेली गोष्ट एका यादीपाशी कोसळते. आपल्या घरातली 'ही बाटली पणजोबांना कलेक्टरसाहेबानं दिली' ही आठवणही तशीच तपासावी. ती खोटी ठरवण्यासाठी नव्हे, तर कोणता साहेब, कोणतं साल, तेव्हा पणजोबांचं वय काय, हे विचारल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही म्हणून.

देशी बाजूही होती आणि तिच्याकडे फार कमी लक्ष गेलं आहे. नवसारीच्या ई. एफ. कोलाह यांचा उसाचा सिरका १८८५ पासूनचा. मुंबईच्या मेरवानजी पूनजियाजी अँड सन्स यांची 'सन ब्रँड' मेजर ग्रे चटणी मुंबईहून परदेशी जाई. गिरगावात बेडेकरांचं दुकान १९१० चं. म्हणजे इंग्रजी अक्षरं दिसली की माल विलायती, हा समज मनातून काढायला हवा. मुंबईचे पारशी आणि मराठी व्यापारीही बाटलीवर इंग्रजीच लिहीत.

आणि मग काच. इथंच विलायती कोष्टकं कोलमडतात. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून माणशी एक पैसा गोळा करणारा पैसा फंड उभा राहिला. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना निघाला. जपानात आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथं तंत्राची बाजू सांभाळली. तिथं काच तर होत होतीच, शिवाय काच करणारी माणसंही तयार होत होती आणि ती पुढे देशभर पांगली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, जर्मनी-ऑस्ट्रियाचा काचमाल थांबला, ती जागा जपाननं भरायला घेतली, आणि त्याच खिडकीत १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ आपला कारखाना काढला. औंधचे पंतप्रतिनिधी बाळासाहेब यांनी जसा किर्लोस्करांना किर्लोस्करवाडीसाठी आधार दिला तसाच ओगल्यांनाही. कराड स्टेशनाजवळची ती वसाहत म्हणजे ओगलेवाडी, मलकापुरापासून दहा किलोमीटरच्या आत, कृष्णेच्या पलीकडच्या अंगाला. ओगल्यांच्या कंदिलाच्या चिमण्या आणि 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचले.

या कारखान्यांत माणसं फुंकणीवर काम करत होती, आणि तेव्हा अमेरिकेत ओवेन्सची यंत्रं सुरू होऊन वर्षं लोटली होती. फिरोजाबादेत हातानं काच करणारे आजही आहेत. तेव्हा फुंकलेली, हातानं ओठ घडवलेली, बुडबुडे अडकलेली हिरवट बाटली मलकापुरात सापडली तर ती १८७० ची विलायती असू शकते, १९१२ ची तळेगावची असू शकते, १९३० ची जपानी किंवा फिरोजाबादची असू शकते. तंत्रावरून काढलेलं वय इथं फक्त खालची मर्यादा देतं: यंत्राचा सांधा असेल तर बाटली अमुक सालाच्या आधीची नाही, एवढंच. हातानं केलेली आहे म्हणून जुनीच, हा उलटा निष्कर्ष इथं चालत नाही. आकाराचंही तसंच. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड यांच्या १८७२ च्या पेटंटमधली, आणि ती आपल्याकडे आजही भरली जाते. दीडशे वर्षं तोच आकार फिरतो आहे. ज्या भागात हे डोळ्यांसमोर घडतं तिथं केवळ आकारावरून कुणी साल सांगू लागलं तर ते ऐकू नये.

म्हणून अक्षरं. आणि इथं सातारा-सांगलीला एक सोय लाभली आहे, जी फार थोड्या भागांना असेल. या भूभागाची सरकारी नावं गेल्या शतकात भराभर बदलली. औंध संस्थान मार्च १९४८ मध्ये विलीन झालं. लेबलवर 'औंध स्टेट' किंवा 'सांगली स्टेट' असेल तर छपाई त्याच्या आधीची, किंवा जुना छापील साठा संपवत असल्यास जेमतेम नंतरची. संस्थानं मिळाल्यावर १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये त्यांची नावं सातारा आणि सांगली झाली. 'जि. उत्तर सातारा' एवढे दोन शब्द पत्त्यात दिसले की अकरा वर्षांची खिडकी हाती येते. काचेचं कुठलंही रासायनिक पृथक्करण इतकं नेमकं उत्तर देत नाही. पत्त्यात 'बॉम्बे स्टेट' किंवा 'मुंबई राज्य' असेल तर १९६० च्या आधी. सहा आकडी पिन कोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतर.

किमतीचंही तसंच आहे. आणे छापलेले असतील तर एप्रिल १९५७ पूर्वीचं किंवा त्याच्या अगदी लगतचं लेबल. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४. औंस आणि पौंड असतील तर दशमान मापं सक्तीची होण्याआधीचं, म्हणजे साधारण १९६२ पर्यंतचं. 'रजिस्टर्ड ट्रेड मार्क' हे शब्द मात्र फसवतात. हिंदुस्थानात ट्रेडमार्कच्या नोंदणीचा कायदा १९४० चा, अंमल १९४२ पासून. त्याआधी व्यापारी आपल्या चिन्हाचं निवेदन दस्तनोंदणी कचेरीत नोंदवून 'रजिस्टर्ड' असं बिनदिक्कत छापत. एवढ्या शब्दावरून बाटली १९४२ नंतरची ठरवू नये.

तोंडीलावण्याच्या बाटल्यांपुरती आणखी एक खूण फार मोलाची आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते: एफपीओ. फळं-भाज्यांपासून केलेल्या टिकाऊ पदार्थांसाठी १९५५ चा फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डर निघाला, आणि सॉस, केचप, सिरका, चटणी, लोणचं सगळं त्यात आलं. परवान्याचा क्रमांक बाटलीच्या तोंडाशी किंवा गळ्याशी असा हवा की बाटली उघडताना तो नष्ट व्हावा, अशी अट होती. त्यामुळे हा क्रमांक काचेवर शोधून मिळत नाही. तो टोपणावर, गळ्याच्या पट्टीवर असतो. बाटली सापडली की लोक गंजलेलं टोपण फेकतात आणि काच धुऊन ठेवतात. वयाचा सर्वांत बोलका पुरावा कचऱ्यात जातो. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा अंमलात आल्यावर २०११ पासून एफपीओची जागा नव्या क्रमांकानं घेतली, त्यामुळे दुसऱ्या टोकालाही मर्यादा मिळते.

लेबल गेलं असेल, टोपण नसेल, अक्षरं नसतील तर? बहुतेक बाटल्यांची गत हीच असते, आणि त्याचं कारण आपल्या घरांत आहे. चांगली बाटली कुणी टाकत नसे. सॉस संपला की तिच्यात गोडं तेल, मग रॉकेल, मग काढा, मग गुरांना पाजायचं औषध. भंगारवाला रिकामी बाटली नेई, ती धुऊन दुसऱ्याच्या मालासाठी परत बाजारात येई. मुंबईत 'बाटलीवाला' हे आडनाव पडावं एवढा तो धंदा मोठा होता. म्हणून काचेवर एकाचं नाव आणि कागदावर दुसऱ्याचं, असं दिसलं तर त्यात बनावट पाहण्याची घाई करू नये. ते त्या बाटलीचं दुसरं आयुष्य असतं, आणि स्थानिक इतिहासाच्या दृष्टीनं मला तेच जास्त मोलाचं वाटतं. लंडनच्या बाटलीवर कराडच्या वैद्याची चिठ्ठी चिकटलेली असेल तर ती चिठ्ठी काढून खालची 'खरी' बाटली उघडी करणं हा अपराधच आहे.

गडद निळी, कडांना धारा असलेली बाटली मात्र तोंडीलावण्याची समजू नये. 'नॉट टू बी टेकन' असं कोरलेली षटकोनी निळी बाटली विषाची. अंधारात हाताला कळावं म्हणून तिच्या कडा खडबडीत केलेल्या असत. आत वाळलेलं काही शिल्लक असेल तर चाखणं, हुंगणं, गरम पाण्यानं धुणं यातलं काहीही करू नये.

सापडल्याबरोबर काय करावं, हे थोडक्यात सांगतो, कारण इथं चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. बाटली उचलण्याआधी मोजपट्टीसह फोटो काढावा. जमिनीपासून किती खोल, कोणत्या थरात, बाजूला काय होतं ते लिहावं. खापराचे तुकडे, नाणं, बांगडीचा तुकडा, कंदिलाच्या चिमणीची काच हेही जपावं. एखादा १९१७ चा पैसा त्याच थरात मिळाला तर बाटली त्या जागी १९१७ च्या आधी पुरली गेलेली नाही, हे ठाम सांगता येतं. ओल्या मातीतल्या काचेवर इंद्रधनुषी पापुद्रा चढतो. तो काचेचाच झिजलेला थर असतो. आम्ल, तारेचा घासा, वाळू यांनी तो काढला की बाटली चमकते आणि तिचा इतिहास पुसला जातो. मऊ कुंचला, साधं पाणी आणि सावलीत वाळवणं पुरे.

दोन कायदे माहीत असावेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या पुतण्याला आठवण म्हणून पणजोबांची बाटली कुरियरनं धाडण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

कागदांकडे वळायचं तर थॅकर्स डिरेक्टरीचे वार्षिक खंड व्यापाऱ्याचं नाव आणि पत्ता कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे हे दाखवतात. 'केसरी'च्या जाहिराती, आणि १९२० पासून निघालेल्या 'किर्लोस्कर' मासिकाच्या, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'च्या जाहिराती कराड-सांगलीकडच्या बाजारात काय विकलं जात होतं ते सांगतात. त्यातली चित्रं बाटलीच्या आकाराशी ताडून पाहता येतात. या अंकांचे जुने गठ्ठे गावोगावच्या नगरवाचनालयांत धूळ खात आहेत, आणि रद्दीत जाण्याआधी त्यांतली जाहिरातींची पानं टिपली जायला हवीत.

पण सर्वांत मोठी उणीव ओगलेवाडीचीच आहे. मराठी मुलखातल्या काचेची ओळख पटवण्यासाठी हाताशी असायला हवं ते पुस्तक, म्हणजे तळेगाव आणि ओगलेवाडीच्या मालाच्या खुणांची सचित्र सूची, माझ्या टेबलावर नाही आणि कुठल्या दुकानातही मला दिसली नाही. ज्यांच्या घरी साचे, किमतीची पत्रकं, पगाराची कार्डं, कारखान्यातून आणलेले सदोष नग असतील अशी कुटुंबं कराड, मलकापूर, विरवडे, ओगलेवाडी या पट्ट्यात अजून राहतात. फुंकणीवर बसलेल्या माणसाला एका नजरेत कळतं की हा ओठ चिमट्यानं घडवला की साच्यात आला. त्या नजरेतलं ज्ञान नोंदवायचं तर माणसं हयात असतानाच बसावं लागेल. औंधचं भवानी संग्रहालय त्याच पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं आहे. ओगल्यांच्या काचेचं एक कपाट, प्रत्येक नगाखाली सापडल्याचं गाव आणि साल लिहून, तिथं ठेवता आलं तर मलकापुरात पुढची बाटली निघेल तेव्हा ती ताडून पाहायला एक ठिकाण असेल.